आधी काम, मग लढाई

'हाफ-लाइफ २' या गेममध्ये नायकाला त्याचं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार एका जलविद्युत केंद्रात मिळतं. माझ्यासारख्या, कोयनेच्या वीजगृहाशेजारी अलोऱ्यात राहणाऱ्या माणसाने ही गोष्ट सहज सोडून द्यावी अशी नाही. परकीय सत्तेने पृथ्वी गिळलेली असते, शहरांची नावं पुसून त्यांना नुसते आकडे दिलेले असतात. गॉर्डन फ्रीमन हा भौतिकशास्त्रज्ञ 'सिटी १७' मधून निसटतो आणि कालवे, सांडपाण्याचे पाइप, बंधारे ओलांडत, पंख्याच्या होडीतून एका धरणापाशी पोचतो. धरणालगतच्या जुन्या वीजगृहात एलाय व्हॅन्स या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळा थाटलेली असते. एलायची मुलगी ॲलिक्स गॉर्डनच्या हातात 'ग्रॅव्हिटी गन' देते. तिने लांबची वस्तू ओढून घेता येते, धरून ठेवता येते आणि जोराने भिरकावता येते. देताना ती सांगते, की हे साधन मुळात धोकादायक माल हाताळायला बनवलेलं आहे आणि इथे ते जास्त करून जड वस्तू उचलायला वापरतात.

म्हणजे हे हत्यार आधी अवजार होतं. धरण, वीजगृह, अवजार असा सगळा प्रवास कामाच्या जागांमधून होतो आणि लढाई त्या कामातूनच निघते. २००४च्या १६ नोव्हेंबरला आलेला हा गेम आजही शिकण्यासारखा वाटतो, त्याचं मुख्य कारण मला हेच दिसतं. जागेला आधी स्वतःचं काम हवं, तिथे गोळीबार नंतर व्हावा. विज्ञानकथेवरचा शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम, आणि त्यातही दुसरा भाग, यावरच उभा राहतो किंवा पडतो.

आपल्याकडे शूटर गेमविषयी बोलणं निघालं की ते एकतर मुलं बिघडतात का इथे जातं, नाहीतर चित्रं किती खरी दिसतात इथे थांबतं. गेममधली जागा कुणी, कशी आणि कशासाठी रचली हा प्रश्न मराठीत जवळजवळ विचारला जात नाही. इमारतीवर आपण लिहितो, नाटकाच्या नेपथ्यावर लिहितो. पण आपली मुलं ज्या जागांमध्ये दिवसचे दिवस वावरतात त्या जागांची समीक्षा आपल्याकडे नाही. तिची गरज आहे असं मला मनापासून वाटतं.

गेममधलं धरण मी अलोऱ्यातून पाहतो, म्हणून कोयनेच्या पाण्याचा रस्ता इथे थोडक्यात सांगावा लागेल. कोयना नदी पूर्ववाहिनी कृष्णेला मिळणारी. तिचं पाणी सातारा जिल्ह्यात धरणाने अडवलं, नवजाजवळून डोंगराच्या पोटातल्या अधिजल भुयारात घेतलं आणि सह्याद्रीच्या कड्यातून खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहावर सोडलं. हे पहिले दोन टप्पे. तिथे वीज करून बाहेर पडलेलं पाणी, ज्याला इथला प्रत्येक जण अवजल म्हणतो, ते कोळकेवाडी धरणात पुन्हा अडवलं आणि त्यावर अलोऱ्यात ३२० मेगावॉटचा तिसरा टप्पा उभा केला. मग १००० मेगावॉटचा चौथा टप्पा आला. त्यासाठी भरलेल्या जलाशयाच्या तळाशी स्फोट करून बोगद्यात पाणी घेतलं गेलं. १९९९च्या मार्चमध्ये आणि पुन्हा २०१२च्या एप्रिलमध्ये झालेलं ते 'लेक टॅपिंग' अजून लोकांच्या बोलण्यात आहे. सगळं मिळून १९६० मेगावॉट. शेवटी हे पाणी कालव्याने वाशिष्ठीत, चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत आणि अरबी समुद्रात जातं. बंगालच्या उपसागराकडे निघालेली नदी माणसाने डोंगर पोखरून उलट्या समुद्राला नेली, ही कल्पना कुठल्याही विज्ञानकथेच्या तोडीची आहे.

आमच्या शेजारी कोयना प्रकल्पात आयुष्यभर नोकरी केलेले एक काका राहतात. माझा भाचा सुट्टीत आला होता आणि 'हाफ-लाइफ २' मधला धरणाचा भाग खेळत होता. काका मागे उभं राहून बराच वेळ बघत होते. मग त्यांनी विचारलं, "अरे, पण हे पाणी पुढे जातं कुठे?"

"काका, ते गेममध्ये नसतं," भाचा म्हणाला.

"नसतं कसं? पाण्याला बाहेर पडायला वाट नसेल तर मशीन फिरणार कसं?"

लेव्हल डिझाइनवर, म्हणजे गेममधल्या जागा रचण्याच्या कलेवर, मी पुष्कळ वाचलं आहे, त्यात याहून नेमका प्रश्न मला सापडलेला नाही. पाणी कुठे जातं? इथे राहणारे जेवतात कुठे? हा दरवाजा एवढा मोठा का? ज्या लेव्हलला असले प्रश्न विचारता येतात आणि ती जागा स्वतः उत्तर देते, ती लेव्हल खेळाडूच्या डोक्यात नकाशाशिवाय राहते. 'हाफ-लाइफ २' पुष्कळ ठिकाणी उत्तर देतो. कालव्यातून जाताना वाटेत दारं असतात, ती उघडायला चाकं असतात आणि खेळाडू त्या यंत्रणेचा उपयोग करतच पुढे सरकतो. सिटी १७ मधून कुठूनही दिसणारा तो प्रचंड मनोरा, सिटाडेल, दिशा दाखवतो आणि सत्ता कुठे बसली आहे तेही सांगतो. कलादिग्दर्शक व्हिक्टर अँटोनोव्ह हे बल्गेरियातल्या सोफिया शहरात वाढलेले. पूर्व युरोपातल्या जुन्या दगडी इमारतींवर त्यांनी परग्रहाचं काळं धातूकाम चढवलं. जुनं काय आणि लादलेलं काय, हे खेळाडूला एका नजरेत कळतं. २०२५च्या फेब्रुवारीत ते गेले. त्यांच्या शहराने पुढच्या कितीतरी गेमना रस्ता दाखवला.

पण काकांचा प्रश्न या गेमच्या पाण्यापुरता खराच आहे. तिथलं पाणी बहुतेक ठिकाणी एक सपाट पृष्ठभाग आहे. त्यात वस्तू तरंगतात, बुडतात, पण त्याला वेग नाही, दाब नाही. धरणाच्या मागे साठलेल्या ताकदीचं काय होतं ते हा गेम सांगत नाही. वीजगृह तिथे पार्श्वभूमी म्हणून उभं आहे. शेवटचं पाऊल टाकायचं राहून गेलं, आणि ते टाकणारा गेम मला अजून दिसलेला नाही.

खेळाडूला शिकवण्याच्या बाबतीत मात्र हा गेम अजोड आहे. कालव्याच्या भागात एक फळी तरफेसारखी मधोमध टेकवलेली असते, तिचं एक टोक जमिनीला लागलेलं. वर चढायचं तर दुसऱ्या टोकावर वजन हवं. जवळच सिमेंटचे ठोकळे पडलेले असतात. भाचा तिथे अडकला. त्याने आधी फळीवरून पळत जाऊन उडी मारून पाहिली, दोनदा आपटला. मग भिंतीवर कुठे शिडी आहे का ते शोधत फिरला. मी गप्प बसून होतो, तोंड दाबून. त्याने चुकून एक ठोकळा उचलला, फळीवर टाकला आणि फळी किंचित हलली. तो थांबला. पुढच्या मिनिटभरात ठोकळे एकामागून एक टोकावर रचले गेले आणि तो धावत वर गेला. पडद्यावर एक अक्षर उमटलं नव्हतं. पुढे पाण्यात उतरता रस्ता होता, तिथे निळी पिंपं उतारफळीखाली ढकलून ती तरंगवायची असते. ती गोष्ट त्याला विचार न करता जमली. तरफ समजली, मग उत्प्लावन समजलं.

असं गप्प बसून बघणं हीच हा गेम बनवणाऱ्या व्हॅल्व्ह कंपनीची कामाची रीत होती. पहिला 'हाफ-लाइफ' १९९७च्या अखेरीस बाजारात यायचा होता. तो तयार झाल्यावर कंपनीलाच पसंत पडला नाही आणि बहुतेक गेम मोडून पुन्हा केला गेला. तो १९९८च्या नोव्हेंबरमध्ये आला. केन बर्डवेल या त्यांच्या अभियंत्याने १९९९ साली याची हकिगत सविस्तर लिहिली आहे. खेळाडू खेळत असताना बनवणाऱ्यांनी मागे बसून टिपणं काढायची, एक शब्द बोलायचा नाही, मदत करायची नाही. खेळाडू अडला तर चूक जागेची. आणखी एक नियम त्यांनी पाळला आणि मला तो फार मोलाचा वाटतो. घटना घड्याळावर बांधायच्या नाहीत, खेळाडू किती अंतर चालला यावर बांधायच्या. म्हणजे घाईतल्या माणसाला गेम घाईत भेटतो आणि रेंगाळणाऱ्याला रेंगाळत. गती खेळाडूच्या पायात राहते.

दुसऱ्या भागातले सगळे चांगले धडे असे जागेने दिलेले आहेत. रेल्वे स्थानकावर एक शिपाई मुद्दाम डबा खाली पाडतो आणि गॉर्डनला तो उचलून कचरापेटीत टाकायला लावतो. वस्तू उचलता आणि टाकता येते हे खेळाडूला त्या क्षणी कळतं, आणि या राज्यात माणसाची किंमत काय हेही त्याच क्षणी कळतं. डबा शिपायाच्या अंगावर फेकायची मुभाही आहे, परिणाम भोगायची तयारी असली तर. रेव्हनहोम या उजाड गावात शिरताना भिंतीत रुतलेलं करवतीचं गोल पातं दिसतं आणि त्याच्यावर अडकलेला अर्धा देह. पातं ग्रॅव्हिटी गनने ओढून घेतलं की पुढे काय करायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

माझ्या मते या गेमची सर्वोच्च जागा म्हणजे समुद्रकाठची वाळू. तिथे एक माणूस खडकावर उभा राहून वाळूवर पाऊल टाकू नका म्हणून ओरडत असतो. पाऊल पडलं की वाळूतून मुंगीसिंहासारखे मोठे किडे वर येतात. मग खेळाडू फळ्या, पत्रे, मोडके दरवाजे एकापुढे एक टाकत जमिनीला पाय न लावता पुढे सरकतो. काही ठिकाणी जमिनीवर ठोके देणारी यंत्रं बसवलेली असतात. किडे त्यांना भितात, म्हणून वस्ती त्यांच्या आसऱ्याने टिकलेली. यंत्र आणि वस्ती यांचं नातं एका दृष्टिक्षेपात कळतं. आणि नंतर एका मोठ्या किड्याला मारल्यावर त्याच्या ग्रंथींच्या वासाने हेच किडे खेळाडूचं ऐकायला लागतात. ज्या वाळूला तो इतका वेळ घाबरला तीच वाळू आता त्याची फौज होते. नियम तोच, जागा तीच, माणूस बदलला. कथेत असं वळण आणायला लेखक पानंच्या पानं खर्ची घालतो.

इथून मी दुसऱ्या भागाच्या प्रश्नाकडे येतो. गेमचा दुसरा भाग काढणाऱ्यांना पहिला मोह होतो तो सगळं वाढवण्याचा: जास्त बंदुका, जास्त शत्रू, मोठा नकाशा. कोयनेच्या टप्प्यांकडे पाहिलं तर दुसरा मार्ग दिसतो. अलोऱ्याचा तिसरा टप्पा पहिल्या दोन टप्प्यांच्या अवजलावर चालतो. काम करून उतरलेल्या पाण्यात अजून उंची शिल्लक होती, ती कुणीतरी पाहिली, तिचं गणित मांडलं आणि ती वापरली. 'हाफ-लाइफ २' च्या कर्त्यांनी नेमकं हे केलं. पहिल्या भागात ब्लॅक मेसा या भूमिगत प्रयोगशाळेत डोक्यावर झेप घेणारे 'हेडक्रॅब' नावाचे प्राणी होते, चुकून आपल्या जगात आलेले. दुसऱ्या भागात सत्ताधारी तेच प्राणी नळकांड्यांत भरून बंडखोरांच्या गावांवर डागतात. रेव्हनहोम त्याच माऱ्याने मेलेलं आहे. पहिल्या भागात आपण ज्या व्हॉर्टिगॉन्टना गोळ्या घातल्या ते गुलाम होते, दुसऱ्यात ते मुक्त होऊन आपल्या बाजूने उभे राहतात. पहिल्यात सुरक्षारक्षकांचे चेहरे सारखेच होते, त्यांतून दुसऱ्यात बार्नी हा एक जिवाभावाचा माणूस घडला. पहिल्याची सुरुवात नोकरीवर जाणाऱ्या माणसाच्या ट्रामने होते, दुसऱ्याची कैद्यांसारख्या हाकलल्या जाणाऱ्या माणसांच्या रेल्वेने. मधल्या वर्षांत काय घडलं ते कुणी लांबलचक सांगत नाही. किनाऱ्यावर समुद्र मागे हटलेला असतो आणि जुने धक्के कोरड्या वाळूवर उंच लटकत असतात. पृथ्वीचं पाणीच उपसून नेलं जात आहे, हे त्यावरून समजून घ्यायचं.

'हाफ-लाइफ २' च्याच महिन्यात आलेल्या 'हेलो २' ने शत्रूपक्षाच्या योद्ध्याच्या भूमिकेत खेळाडूला बसवलं, तीही पहिल्या भागातल्या उरलेल्या उंचीची ओळखच होती. पण त्याची कथा ऐन भरात तुटते. लेव्हलच्या बाबतीत मला जास्त जवळचा वाटतो तो २०१६चा 'टायटनफॉल २'. त्यात एक कारखाना आहे, जिथे पट्ट्यावरून अख्खी घरं तयार होत सरकतात. सरावासाठी खोटी गावं बांधायचं त्याचं काम. भिंती उभ्या राहतात, छपरं चढतात आणि खेळाडू त्या बांधकामाच्या चालत्या पट्ट्यावरच लढतो. पुढे एक उद्ध्वस्त प्रयोगशाळा आहे, तिथे एक कळ दाबली की भूतकाळातली धडधाकट इमारत आणि आजचे भग्नावशेष यांच्यात उड्या मारता येतात. दोन्ही ठिकाणी लढाई ही जागेच्या कामाची उपज आहे.

यावर एक मोठा आक्षेप आहे. १९९३च्या 'डूम' मधल्या लेव्हलना कसलंच काम नाही. पहिल्या लेव्हलचं नाव 'हँगर', पण तिथे विमान उभं राहील अशी जागा कुठे नाही. तिरकस भिंती, हिरवं विष, गुप्त दारं, आणि तरीही आज तीस वर्षांनंतर लोक त्या नकाशांचा अभ्यास करतात. मग जागेला काम हवं हा माझा हट्ट कशाला? आक्षेप खरा आहे. 'डूम' वेगाचा खेळ आहे. तिथे जागा म्हणजे लढाईचा ताल, आणि तालाला अर्थ विचारू नये. माझं म्हणणं सगळ्या शूटरना लागू नाही. जो गेम एक बदललेलं जग खरं म्हणून मांडतो, जो म्हणतो की इथे माणसं राहत होती आणि त्यांच्यावर हे असं गुदरलं, त्याला ते लागू आहे. विज्ञानकथेचा दुसरा भाग हे जग मांडायला बांधलेला असतो.

'हाफ-लाइफ २' स्वतः हा धडा शेवटी विसरतो. शहरातल्या उठावाच्या प्रकरणांत बंडखोरांची टोळी गॉर्डनच्या मागे लागते. अरुंद दारांत आणि जिन्यांवर हे सोबती वाट अडवून उभे राहतात. रस्ते, ढिगारे, पुन्हा रस्ते. उठाव झालेल्या शहरात भाकरी कोण भाजतं, जखमींना कुठे नेतात, पाणी कुठून येतं, हे सांगायची सर्वांत मोठी संधी तिथे होती. शत्रूच्या डावपेचांतही पहिल्या भागातल्या सैनिकांची धार नाही. सिटाडेलमध्ये गेल्यावर सगळी हत्यारं काढून घेतली जातात आणि एकटी ग्रॅव्हिटी गन उरते, तिची ताकद मात्र कित्येक पट होते. तिथे गेम पुन्हा सावरतो, पण मधली उणीव भरून निघत नाही.

नंतरच्या वर्षांत या कलेचं नुकसान बाणांनी केलं. पडद्याच्या कोपऱ्यात नकाशा, डोळ्यांसमोर तरंगणारी खूण, तिच्याखाली मीटरमध्ये अंतर. खूण असली की जागेला काही सांगायची गरज उरत नाही, आणि बनवणाऱ्याला ती वाचनीय करायची गरज उरत नाही. खेळाडू खुणेकडे चालतो, आजूबाजूला अख्खं शहर रचलेलं असतं आणि त्याला ते दिसत नाही. खुणा लागतात अशी माणसं आहेत, दृष्टीची किंवा स्मरणाची अडचण असणाऱ्यांना त्या द्यायलाच हव्यात. पण सगळ्यांवर त्या लादून आपण एका पिढीची जागा वाचायची सवय मोडतो आहोत, असं मला वाटतं.

आता आपल्याकडे. गेम बनवायचं कसब महाराष्ट्रात आलेलं आहे, याविषयी शंका नको. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८पासून आहे. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' केला आणि तो जगभर खेळला गेला. पुण्याच्या सुपरगेमिंगने २०२४च्या ऑक्टोबरमध्ये 'इंडस' आणला, भारतीय भविष्याची कल्पना करणारा बॅटल रॉयल, 'वीरलोक' या जगात घडणारा. या सगळ्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण बॅटल रॉयलच्या नकाशाकडून मी मागतो ती गोष्ट मिळणं अवघड. तिथे कितीतरी जण कुठेही उतरतात, म्हणून जागा सगळ्यांना सारखी न्याय्य ठेवावी लागते. कुणी काय आधी शिकावं आणि काय नंतर, हा क्रम रचणाऱ्याच्या हातात राहत नाही. आणि भारतीयपणा दाखवायचा तर कमानी, शिल्पं, आयुधांची नक्षी हाच मार्ग सोपा वाटतो. आपल्या भूमीवर माणसांनी कामासाठी उभारलेल्या जागांकडे गेम रचणाऱ्यांनी अजून नीट पाहिलेलं नाही.

कोयनेवर गेम रचायचा तर मी सर्ज वेलपासून सुरुवात करीन. वीजगृहात जनित्रं अचानक बंद झाली की बोगद्यातून वेगाने येणाऱ्या पाण्याला थांबता येत नाही. एवढ्या वस्तुमानाचा वेग कुठेतरी मुरायला हवा, नाहीतर नळ फुटतील. त्यासाठी बोगद्याच्या टोकाशी डोंगरात उभी विहीर खोदलेली असते. पाणी तिच्यात उसळून वर चढतं, थांबतं, खाली जातं, पुन्हा चढतं, आणि हळूहळू शांत होतं. यातला एकेक झोका काही मिनिटांचा असतो. आता या विहिरीत खेळाडूला उभं करा. वर जायची शिडी तुटलेली. त्याच्या हातात फक्त खालची झडप. झडप बंद केली तर पाणी चढेल आणि तरंगती फळी त्याला वर नेईल. पण पहिल्या उसळीत फळी आपटून फुटेल, तिसऱ्यात पुरेशी उंची मिळणार नाही. दुसरी उसळी ओळखायची. यात बंदूक नाही, तरीही छातीत धडधड होईल. आणि सर्ज वेल कशासाठी असते हे त्या मुलाला जन्मभर आठवेल.

या गेममध्ये मोजायचं असेल तर गोळ्यांऐवजी पाणी मोजावं. कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेतून पश्चिमेला वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे, म्हणजे खऱ्या कोयनेतही पाणी असंच जपून खर्च होतं. संध्याकाळी राज्याची विजेची मागणी वाढली की जनित्रं चालवायची. ती चालली की खाली वाशिष्ठीची पातळी बदलते. वर घेतलेल्या निर्णयाचा परिणाम खाली चिपळूणच्या काठाला दिसतो. खेळाडूने वरच्या लेव्हलमध्ये जे सोडलं ते खालच्या लेव्हलमध्ये त्याच्यासमोर येईल. जुलै २०२१चा पूर पाहिलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही.

जलाशयाची पातळी हीच लेव्हलची सीमा करता येईल. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. तसं श्रावणात बुडालेलं गाव वैशाखात चालत जाण्याजोगं होईल. खेळाडूला तिथे त्या गावच्याच माणसाच्या भूमिकेत पाठवावं, कोयनेच्या विस्थापितांपैकी कुणाच्या तरी नातवाच्या. कारण वीजगृहाचं काम मी इतका वेळ गौरवाने सांगतो आहे, त्या कामाची किंमत दिलेली माणसं अजून हक्कांसाठी झगडत आहेत, आणि त्यांना वगळून उभी केलेली कोयना खोटी होईल. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंप मात्र मी पडदा हलवण्यासाठी वापरू देणार नाही. त्या पहाटे ज्यांची घरं पडली त्यांच्या दुःखाचा उपयोग थरारासाठी करणं मला मान्य नाही. तो घ्यायचाच असेल तर भूकंपानंतरचं कोयनानगर घ्यावं: तंबू, रांगा, धरणाच्या भिंतीतल्या भेगा तपासणारे अभियंते.

आणि शत्रू कोण? शूटर म्हटला की हा प्रश्न येतोच. शेजारच्या देशाचे सैनिक आणून उभे करणं मला आळशीपणाचं वाटतं. 'हाफ-लाइफ २' मधला सर्वांत अस्वस्थ करणारा शत्रू परग्रहावरचा नाही. तो वॉलेस ब्रीन आहे, पूर्वीचा ब्लॅक मेसाचा प्रशासक, जो पडद्यांवरून गोड आवाजात शरणागतीचं समर्थन करत राहतो. त्याचे शिपाईही माणसंच आहेत, चांगल्या शिध्यासाठी भरती झालेली. पाण्याच्या गेममध्ये शत्रू शोधायचा तर मीही अशाच माणसाकडे पाहीन: जो सगळा प्रवाह एका हातात घेऊ पाहतो आणि त्याला विकास म्हणतो. त्याच्याशी लढताना बंदूक कितपत लागेल, हे डिझाइन करतानाच कळेल. कदाचित फार कमी लागेल.

वीजगृहं संरक्षित आहेत, तिथे कॅमेरा घेऊन हिंडता येणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण गेमला फोटोंची गरज नसते. लेव्हल रचणारे सुरुवातीला राखाडी ठोकळ्यांचीच जागा बांधतात, तिच्यात चालून बघतात, रंग-पोत नंतर. पाण्याचं गणित पाठ्यपुस्तकात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या अभियांत्रिकीच्या दोन-चार मुलांनी मनावर घेतलं तर सर्ज वेलची एक खोली एका सत्रात उभी राहील. त्यासाठी जे पुस्तकात नाही ते माणसांकडे आहे: जनित्राचा सेट बंद पडल्यावर वीजगृहात आवाज कसा बदलतो, पाण्याचा दाब वाढतो तेव्हा पायाखाली काय जाणवतं, रात्रपाळीत कोणत्या दाराशी थंड हवा येते. तिसरा टप्पा १९७५ ते ७८च्या दरम्यान सुरू झाला. तो ज्यांनी चालू केला ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. अलोऱ्याच्या वसाहतीतली कितीतरी क्वार्टर्स रिकामी झाली, बरेच जण आपापल्या गावी गेले, काही चिपळुणात स्थायिक झाले. त्यांना शोधून, समोर बसवून, त्या राखाडी खोलीत चालवून आणायला हवं, आणि ते कुठे अडतात, कुठे मान हलवतात, हे गप्प बसून टिपून घ्यायला हवं. गेमला कितीही वर्षं लागोत, हे काम याच वर्षी करावं लागेल.